अँटिस्टॅटिक मॅट घ्यायची आहे: निळी सिलिकॉनची की हिरवी रबराची?

कथिलतार
नमस्कार मंडळी. मी नागपुरात महाल भागात राहतो. घरातल्याच एका खोलीत ॲम्प्लिफायर आणि छोटे इन्व्हर्टर दुरुस्त करतो, जमेल तसं नवीनही बांधतो. गेली कित्येक वर्षं सागवानी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून काम चालायचं. यंदा मार्चपासून मात्र आयआरएफ ५४० चे सात मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार, गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा) गेले. सातही नवे. पाकिटातून काढले, बोर्डावर लावले, आणि सप्लाय द्यायच्या आधीच मीटरवर गेट-सोर्स शॉर्ट. माल खोटा असेल म्हणून दुसऱ्या दुकानातून आणले, तेही तसेच गेले.

मित्र म्हणाला, स्टॅटिकने (अंगावर, वस्तूंवर साठणाऱ्या स्थिर विजेने) जातायत, मॅट घे. आता ऑनलाइन पाहतोय तर दोन प्रकार दिसतात. एक निळी सिलिकॉनची, तिला स्क्रू ठेवायला खण असतात, कोपऱ्यात चुंबक असतो. दुसरी हिरवी, साधी, खाली काळी, सोबत वायर आणि मनगटाचा पट्टा. निळी मला जास्त सोयीची वाटते. खोली उन्हाळ्यात बंदच असते (यंदा कूलर काढून एसी बसवलाय), फरशी व्हिट्रिफाइड टाइलची, खुर्ची रेक्झिनची. घर जुनं आहे. कोणती घेऊ?

लॅमिंग्टनची_वारी
हिरवी. निळी सिलिकॉनची मॅट अँटिस्टॅटिक नसतेच. ती उष्णता सोसते, गरम सोल्डरिंग आयर्न टेकलं तरी वितळत नाही, एवढंच तिचं काम. सिलिकॉन स्वतः पक्कं इन्सुलेटर आहे आणि घासलं की चार्ज धरून बसतं. म्हणजे स्टॅटिकसाठी ती टेबलापेक्षा वाईट.

नवशिक्या_०७
पण त्या निळ्या मॅटच्या जाहिरातीत 'अँटिस्टॅटिक' असं स्पष्ट लिहिलेलं असतं की!

लॅमिंग्टनची_वारी
लिहिलेलं असतं, खरंय. खूण सांगतो. जिला वायर जोडायला टिचबटणच नाही, ती मॅट चार्ज नेणार कुठे? बटण नसेल तर पुढचं वाचूच नकोस.

गच्चीवरचा_अँटेना
कथिलतार, तुमचे सात मॉस्फेट कसे गेले असतील ते आकड्यांत मांडतो, म्हणजे मॅटकडून काय हवंय तेही कळेल.

आपल्याला बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. त्याखालचं काहीच जाणवत नाही. माणसाचं शरीर म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग), चाचण्यांतही तोच आकडा धरतात, सोबत १५०० ओहम. आयआरएफ ५४० च्या गेटची कपॅसिटी दोन हजार पिकोफॅरडच्या आसपास. तुमच्या अंगावर ३००० व्होल्ट असताना गेटला बोट लागलं तर चार्ज वाटला जातो आणि गेटवर साधारण १४० व्होल्ट येतात. गेटची मर्यादा २० व्होल्ट. खेळ खलास. तुम्हाला काही जाणवलेलंसुद्धा नसतं. २एन७००० सारख्या चिमुकल्या मॉस्फेटचं गेट तर याहून कितीतरी लहान, त्याच्या वाट्याला बहुतेक सगळाच व्होल्टेज येतो.

म्हणून मॅटचं काम चार्ज *हळूहळू* उतरवणं. वरचा थर १० लाख ते १०० कोटी ओहम या टप्प्यात हवा. १०० कोटी ओहम धरले तरी १०० पिकोफॅरड सेकंदाच्या दहाव्या भागात बराचसा रिकामा होतो. त्याहून जास्त असेल तर चार्ज बसून राहतो. फार कमी असेल, म्हणजे पत्र्यासारखं, तर चार्ज झालेला आयसी टेकताक्षणी एका फटक्यात रिकामा होतो आणि त्या फटक्यानेच मरतो. ॲल्युमिनियम फॉइल अंथरून काम करणारे लोक मी पाहिलेत, त्यांना हात जोडून सांगतो, करू नका. वर बोर्डावर बॅटरी असेल तर शॉर्टही होईल.

पावसाळी_दुकान
थोडं वेगळं मत मांडतो. रत्नागिरीत सोळा वर्षं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मॅट नाही, पट्टा नाही. लाकडी टेबल, त्यावर जुनी सनमाइका. स्टॅटिकने एखादा आयसी गेला असं ठामपणे सांगता येईल असा एकही प्रसंग आठवत नाही. माझ्या मते सातही मॉस्फेट स्टॅटिकने गेले हे पटण्यासारखं नाही. आधी सोल्डरिंग आयर्न तपासा.

ट्रान्झिस्टरप्रेमी
पावसाळी_दुकान यांना अनुमोदन. माझेही काही बिघडले नाही कधी.

लाईनवरची_क्यूसी
पावसाळी_दुकान दादा, तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही, पण तो रत्नागिरीचा आहे. हवेत ओल असली की प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि चार्ज त्यावरून वाहून जातो. आमच्या प्रशिक्षणात एक जुना तक्ता दाखवतात: कार्पेटवरून चालताना कोरड्या हवेत ३५,००० व्होल्टपर्यंत तयार होतात, तेच ६५ ते ९० टक्के आर्द्रतेत १५००. कोकणात निसर्गच तुमची मॅट झालाय.

मी भोसरीला असेंब्ली लाइनवर नऊ वर्षं आहे. सकाळी कामावर चढताना पट्टा टेस्टरवर तपासल्याशिवाय आम्हाला खुर्चीत बसू देत नाहीत. हे सगळं कशासाठी, असं मलाही पहिल्या महिन्यात वाटलं होतं. मग एकदा परत आलेले बोर्ड तपासायला माझ्याकडे दिले. कारखान्यातून निघताना सगळे पास झालेले, चार-सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाकडे बंद पडलेले. आयसीचं झाकण काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तेव्हा गेटच्या कडेला सुईच्या टोकाएवढाही नाही असा काळा ठिपका होता. त्या ठिपक्यातून महिनोन्‌महिने करंट गळत होता. त्या दिवसापासून पट्टा न लावता मी घरी रिमोटसुद्धा उघडत नाही.

म्हणून 'स्टॅटिकने गेलेला आठवत नाही' याचा अर्थ 'गेला नाही' असा लगेच होत नाही. आयसी तिथेच मरत नाही, जखमी होतो. दोन महिन्यांनी परत आलेला फोन आपण 'जुना होता' म्हणून सोडून देतो.

पावसाळी_दुकान
ताई, हे पटलं. परत येणारे फोन असतातच, आणि आम्ही कारण शोधत बसत नाही. पण आयर्नचा मुद्दा सोडत नाही हं.

बर्फातला_मराठी
मिनेसोटातून लिहितोय. जानेवारीत बाहेर उणे वीस, आत हीटर, हवा इतकी कोरडी की लोकरीची टोपी काढली की केस उभे राहतात आणि दाराची मूठ धरली की रोज चटका. पुण्यात वाढलो तेव्हा स्टॅटिक हा शब्द फक्त पुस्तकात वाचला होता. इथे पहिल्याच हिवाळ्यात लॅपटॉपची रॅम घालवली. तेव्हापासून हिरवी दोन थरांची रबरी मॅट वापरतो, सात वर्षं झाली, अजून उत्तम.

व्हिनाइलची घेऊ नका, स्वस्त असते, पण आयर्नचं टोक लागलं की खळगा पडतो. रबरावर काळा डाग पडतो, वितळत नाही.

कथिलतार
सगळ्यांचे आभार. निळी बाद. पण एक अडचण. हिरव्या मॅटची वायर तीन पिनांच्या सॉकेटच्या अर्थला जोडा म्हणतात. घरात सॉकेटं तीन पिनांची आहेत, पण वायरिंग वडिलांच्या काळातलं. अर्थ आहे की नाही ते माहीत नाही.

वायरमन_काका
कथिलतार, हाच खरा प्रश्न आहे बघ. मॅट कुठली हे नंतर. जुन्या घरांत मी रोज बघतो, सॉकेट तीन पिनांचं, मागे उघडलं तर वरच्या मोठ्या पिनेला वायरच नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी शहाणपणाने न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून ठेवलेलं असतं. न्यूट्रल कधी वाटेत तुटलं तर तुझ्या मॅटवर, आयर्नवर, ॲम्प्लिफायरच्या डब्यावर थेट फेज येईल. नळाला वायर बांधू का असंही विचारतात. हल्ली पाइप प्लॅस्टिकचे, ते अर्थ नव्हे.

मीटरने न्यूट्रल-अर्थ बघ, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. पण नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नकोस, तुटक्या अर्थवरही तो काहीतरी दाखवतो. आणि शून्य दाखवलं तर जास्त सावध हो, कदाचित ते न्यूट्रलच असेल. आम्ही फेज आणि अर्थमध्ये ६० वॅटचा बल्ब लावून बघतो. पूर्ण पेटला तर अर्थ जिवंत, पण पिनेला न्यूट्रल जोडलेलं असेल तरीही तो पेटतो, म्हणून सॉकेट उघडूनही बघावं लागतं. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल, पडलाच पाहिजे. हे काम वायरमनकडून करून घे, स्वतः करू नकोस.

अंगणात जागा असेल तर नवीन खड्डा मार. पाइप, कोळसा, मीठ, आणि वर पाणी ओतायला नरसाळं. नियमावली आयएस ३०४३. तुमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी त्या नरसाळ्यात गेलंच पाहिजे, नाहीतर कोरडी माती अर्थिंग देत नाही.

लाईनवरची_क्यूसी
काकांचं शंभर टक्के बरोबर. फक्त भर घालते. स्टॅटिकच्या बाजूने पाहिलं तर मुख्य गोष्ट सगळं *एकाच पातळीवर* असणं ही आहे. तुमचा हात, मॅट, बोर्ड, आयर्नचं टोक. चौघं एकमेकांना जोडलेले असतील तर त्यांच्यात ठिणगी पडायला फरकच उरत नाही. म्हणून अर्थिंगचं काम होईपर्यंत पट्टा मॅटच्या बटणाला आणि बोर्डाचं ग्राउंड मॅटला जोडून बसलात तरी बराच धोका टळतो. मात्र विजेच्या सुरक्षेसाठी खरी अर्थ हवीच, तिला पर्याय नाही.

अर्थ झाल्यावर पट्ट्याची वायर आणि मॅटची वायर वेगवेगळ्या एका सामाईक बिंदूला न्या. पट्टा मॅटमधून पुढे अर्थला असं साखळीने करू नका. एक बटण सैल झालं तर दोन्ही गेले.

नवशिक्या_०७
पट्टा थेट अर्थला जोडला आणि चुकून फेजला हात लागला तर? माणूसच जाईल ना?

गच्चीवरचा_अँटेना
चांगला प्रश्न. पट्ट्याच्या वायरीत १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. २३० व्होल्टला करंट ०.२३ मिलिॲम्पिअर, जाणवणारही नाही. म्हणून घरी बनवलेला तांब्याच्या तारेचा पट्टा कधीही घालू नये. विकत घेतलेलाही मीटरवर मोजून घ्या, मनगटाच्या पत्रीपासून वायरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत १ मेगाओहम दिसला पाहिजे. आणि चालू एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीवर, म्हणजे थेट मेन्सच्या बाजूवर, किंवा जुन्या टीव्हीवर काम करताना पट्टा काढून ठेवा. तिथे स्टॅटिकपेक्षा जीव मोठा.

बिनवायरीचे पट्टेही विकायला असतात. चार्ज जायला वाटच नाही, ते घेऊ नका.

लॅमिंग्टनची_वारी
अवांतर, पण सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने 'इलेक्ट्रिकल रबर मॅट' मागितली. दुकानदाराने दिली ती पॅनेलसमोर जमिनीवर अंथरायची, जाडजूड, मागे आयएस १५६५२ छापलेलं. त्याने कौतुकाने टेबलावर पसरली. ती तर मुद्दाम इन्सुलेटर म्हणून बनवतात, माणसाला शॉक बसू नये म्हणून! आपल्याला हवं त्याच्या अगदी उलट. दुकानात 'ईएसडी मॅट' (ईएसडी म्हणजे स्टॅटिकचा डिस्चार्ज) असंच मागा, आणि कडा बघा: वर हिरवा किंवा निळा थर, खाली काळा. कापलेल्या कडेला दोन रंग दिसले पाहिजेत. एकच रंग आरपार असेल तर सोडून द्या. (एकाच थराच्या चांगल्या मॅटही असतात, पण घरी ओळखता येत नाहीत.)

ट्रान्झिस्टरप्रेमी
पुण्यात तपकीर गल्लीत शोधली तर मिळेल का?

लाईनवरची_क्यूसी
मिळते, पण चार दुकानं फिरावं लागतं. साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा तुकडा एका टेबलाला पुरतो. जाडी २ मिलिमीटर.

पावसाळी_दुकान
कथिलतार, आयर्न तपासलं का? किती पिनांचं आहे?

कथिलतार
पंचवीस वॅटचं, दोन पिनांचं. आत्ता तुमच्या सांगण्यावरून टोकाला टेस्टर लावला. लागला की हो. अंधुक, पण लागला. शेजारच्या नव्या बिल्डिंगमधून अर्थची वायर घेऊन डिजिटल मीटर लावला तर टोक आणि अर्थमध्ये ८६ व्होल्ट एसी.

पावसाळी_दुकान
बघा! हेच म्हणत होतो. तुमचे मॉस्फेट आयर्ननेच मेले.

गच्चीवरचा_अँटेना
अगदी शक्य आहे. ते ८६ व्होल्ट फार करंट देऊ शकत नाहीत, पण गेटला करंट लागतोच कुठे? बोर्डाचं ग्राउंड कुठे टेकलेलं असेल आणि गेटला टोक लागलं तर पुरे. तीन पिनांचं, टोक अर्थ केलेलं आयर्न किंवा स्टेशन घ्या.

लाईनवरची_क्यूसी
पण मग मार्चच्या आधी का जात नव्हते? आयर्न तर तेच होतं ना? पावसाळी_दुकान दादा, तुमचा मुद्दा बरोबर असूनही एक दुवा राहतोय. कथिलतार, पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की यंदा कूलर काढून एसी बसवला.

बर्फातला_मराठी
ताई, मानलं तुम्हाला! मी ते वाचून पुढे गेलो होतो.

वायरमन_काका
अगदी! कूलर म्हणजे ओल्या ताट्यांतून खोलीत येणारी दमट हवा. इतकी वर्षं खोलीत सादळलेली हवा होती, चार्ज राहायचाच नाही. नागपूरचा कोरडा एप्रिल, त्यात बंद खोली आणि एसी. वर रेक्झिनची खुर्ची.

कथिलतार
हे वाचून अंगावर काटा आला. घरची मंडळी कूलरच्या पाण्याला कंटाळली होती म्हणून मोठ्या हौसेने एसी घेतला. आता आठवतंय, गेल्या महिन्यापासून टेरिकॉटचा शर्ट काढताना तडतड आवाज येतो. मी लक्षच दिलं नव्हतं.

कूलर परत लावणार नाही, पण काय काय करायचं ते कळलं. चार-पाच दिवसांनी कळवतो.

नवशिक्या_०७
दरम्यान एक शंका. मॅट आल्यावर ती खरी आहे हे घरी कसं तपासायचं? मीटर लावला तर माझा 'ओएल' (मोजता येण्यापलीकडे) दाखवतो.

गच्चीवरचा_अँटेना
साधा मीटर २० किंवा ४० मेगाओहमपर्यंतच मोजतो, आणि प्रोबचं टोक सुईएवढं. चांगली मॅटही ओएल दाखवू शकते, म्हणून लगेच फेकू नका. तळाच्या काळ्या थरावर प्रोब टेकवा, तिथे किलोओहममध्ये आकडा आला पाहिजे.

वरच्या थरासाठी मी करतो ते सांगतो. प्रमाणित चाचणीत अडीच इंच व्यासाची, पाच पौंडी दोन वजनं ठेवून १०० व्होल्टला मोजतात. पाच पौंड म्हणजे सव्वादोन किलो. मी आमच्या वाण्याकडून दोन किलोची दोन लोखंडी मापं मागून आणली. खाली ॲल्युमिनियम फॉइलच्या घड्या घातल्या, म्हणजे पृष्ठभागाला नीट चिकटतात, आणि दोन्हींत वीतभर अंतर ठेवलं. १०० व्होल्टचं सेटिंग असलेला इन्सुलेशन टेस्टर दोन मापांना जोडला. माझ्या मॅटवर ३८ मेगाओहम आले. १ ते १००० मेगाओहमच्या मध्ये काहीही चालेल. मोजताना मॅटवर एकही पार्ट ठेवू नका आणि हात लावू नका. वाण्याला मापं स्वच्छ पुसून परत केली!

ट्रान्झिस्टरप्रेमी
वाखुसा (वाचनखूण साठवली). दोन किलोच्या मापांची युक्ती फार आवडली.

लाईनवरची_क्यूसी
युक्ती छानच आहे. पुसण्याबद्दल पण लक्षात ठेवा. काच पुसायचा स्प्रे किंवा फर्निचरचं पॉलिश मॅटवर मारू नका. त्यातला मेणाचा किंवा सिलिकॉनचा थर बसला की मॅट इन्सुलेटर होते. पाण्यात मिसळलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि सुती फडकं बस्स. हाताला क्रीम लावून कामाला बसू नका. आणि मॅटवर थर्मोकोलचं पॅकिंग, सेलोटेपचं रीळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या ठेवू नका. इन्सुलेटरवरचा चार्ज मॅट नेऊ शकत नाही, तो जिथल्या तिथे राहतो. बोर्डापासून फूटभर तरी लांब.

गुलाबी पिशवी आणि चंदेरी पिशवी यांतही फरक आहे. गुलाबी स्वतः चार्ज होत नाही एवढंच, बाहेरच्या ठिणगीपासून वाचवत नाही. मॉस्फेट पाठवायचे असतील तर चंदेरी, किंवा काळ्या कंडक्टिव्ह फोममध्ये पाय रोवून.

कथिलतार
कळवायला नऊ दिवस लागले, क्षमस्व.

सॉकेट उघडलं. काका म्हणाले तसंच: मोठ्या पिनेला वायर नव्हती. दोन सॉकेटांत तर न्यूट्रलचा तुकडा अर्थला मारलेला. हात थरथरला ते पाहून, कारण त्याच सॉकेटला वीस वर्षं आई मिक्सर लावायची. वायरमन बोलावला, मागच्या अंगणात पेरूच्या झाडाजवळ खड्डा मारला, पूर्ण घराला अर्थ ओढली, आरसीसीबी बसवला. मॅटपेक्षा कितीतरी जास्त खर्च झाला, पण तो आधीच व्हायला हवा होता.

मॅट हिरवी, दोन थरांची, साठ बाय नव्वद. पहिले तीन दिवस रबराचा वास फार आला, गच्चीवर सावलीत वाळत घातली तेव्हा गेला. किराणा दुकानातून मापं आणली, वायरमनकडचा टेस्टर घेतला: १२० मेगाओहम. तळाचा थर १४ किलोओहम. आयर्न तीन पिनांचं घेतलं, टोक आणि अर्थ यांच्यात आता अर्धा व्होल्टसुद्धा नाही. रेक्झिनच्या खुर्चीवर सुती चादर टाकली आणि खोलीत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. काल दुपारी एसी चालू असताना १९ टक्के दाखवत होतं.

त्याच दिवशी आयआरएफ ५४० चे चार लावले. चारही जिवंत. ॲम्प्लिफायर आत्ता शेजारी वाजतोय.

पावसाळी_दुकान
वा! आणि कथिलतार, मीही एक मॅट मागवली आहे. रत्नागिरीत हिवाळ्याच्या दुपारी हवा कोरडी असतेच, आणि हल्ली दुकानात एसी लावलाय.

वायरमन_काका
पेरूला पाणी घालताना नरसाळ्यातही ओत रे.

नवशिक्या_०७
माझं टेबल लहान आहे. मॅट कापता येते का? की वाया जाईल?

लॅमिंग्टनची_वारी
येते. स्टीलची पट्टी आणि धारदार कटर, दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. कापायच्या आधी बटण तुझ्या तुकड्यात येतंय ना ते बघ. उरलेला तुकडा पार्ट ठेवायच्या मांडणीवर टाक, त्याला वेगळं टिचबटण ठोकून त्याच सामाईक बिंदूला वायर ने. बटणाचा काटा काळ्या थरापर्यंत गेला पाहिजे.